अठरावा रकाना

युरोपात कुठे राहायला जायचं हे ठरवण्यासाठी केलेल्या आमच्या तक्त्यात ११ देश होते आणि १७ रकाने. पगार, कर, घरभाडं, व्हिसाला लागणारा वेळ, कायम वास्तव्य किती वर्षांनी, नागरिकत्व किती वर्षांनी, हिवाळ्यातलं तापमान, परतीच्या विमानाचे तास. जुलै २०२३ मध्ये एका शनिवारी नवऱ्यानं तो तक्ता बनवला आणि पुढचे चार महिने आम्ही दोघं त्यात आकडे भरत राहिलो. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. ती झोपली की लॅपटॉप उघडायचा, असं ठरूनच गेलं होतं. नोव्हेंबरात एका रात्री मी तो तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि लक्षात आलं, की मी फिजिओथेरपिस्ट आहे हे त्यातल्या एकाही रकान्यात कुठे दिसत नाही.

कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. परदेशाचा विषय निघाला तोच नवऱ्याच्या नोकरीवरून. तो सॉफ्टवेअरमधला, बॅकएंडचं काम करणारा. त्याच्या कौशल्याला युरोपात जवळजवळ कुठेही व्हिसा आहे. माझं काय, तर 'तिथे गेल्यावर बघू'. हे वाक्य मी स्वतःच तीन-चार वेळा बोलले होते. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर नऊ वर्षं लोकांचे गुडघे, खांदे आणि अर्धांगवायूनंतर पुन्हा चालायला शिकणारी माणसं, हे सगळं मी त्या तीन शब्दांत गुंडाळून ठेवलं होतं. त्या रात्री मी तक्त्याला अठरावा रकाना जोडला आणि वर लिहिलं, 'माझं काम'. पुढच्या दीड वर्षात जे काही ठरलं ते त्या रकान्यावरून ठरलं. म्हणूनच हे लिहिते आहे, कारण देश निवडायला बसलेल्या कितीतरी घरांत तो रकाना अजून रिकामा असतो.

तोवर ११ चे ७ झालेले होते, ते थोडक्यात सांगते. स्वित्झर्लंड सगळ्यात आधी गेला. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांसाठी तिथे दरवर्षी ८,५०० परवान्यांचा कोटा असतो आणि आधी तिथल्या कंपनीला दाखवून द्यावं लागतं, की या कामासाठी देशात किंवा संघात माणूस मिळाला नाही. एस्टोनिया यादीत आला होता तो गैरसमजामुळे. हा देश २०१४ पासून ई-रेसिडेन्सी देतो. ते कार्ड घेऊन तिथे घरबसल्या कंपनी काढता येते, पण त्या कार्डावर तिथे राहता येत नाही. नाव ऐकून आम्हाला वाटलं होतं की येतं. पोर्तुगालचा डी८ हा दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं. उत्पन्न बसत होतं, पण नवऱ्याच्या तेव्हाच्या कंपनीनं परदेशातून काम करायला परवानगी दिली नाही. शिवाय २९ ऑक्टोबर २०२३ ला पोर्तुगालनं परदेशी नागरिकांचं काम पाहणारी जुनी यंत्रणा बंद करून नवी उभी केली, आणि तिच्याकडे सुमारे ४ लाख प्रलंबित प्रकरणं आली. लहान मूल घेऊन त्या रांगेत उभं राहायची माझी तयारी नव्हती. स्पेनचा व्हिसा त्याच जातीचा, म्हणून तोही गेला.

उरले जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि ऑस्ट्रिया.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावर आम्ही फार रात्री घालवल्या. 'नागरिकत्व किती वर्षांनी' हा रकाना नवऱ्याचा सगळ्यात आवडता होता. जर्मनीत ८ वर्षं, फिनलंडमध्ये ५, आयर्लंडमध्ये ५, ऑस्ट्रियात १०, असे आकडे त्यानं रंग देऊन लिहिले होते. मग आमच्या डोळ्यांदेखत ते आकडे हलायला लागले. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून ८ ची ५ वर्षं केली आणि विशेष एकरूप झालेल्यांसाठी ३ वर्षांची वाटही उघडली. ती वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदसुद्धा झाली. फिनलंडनं १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ ची ८ केली. नेदरलँड्समध्ये परदेशी तज्ज्ञांना पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत करसवलत मिळायची. ती आधी ३०, २०, १० अशी उतरवायचं ठरलं, मग ते मागे घेऊन २०२७ पासून सरसकट २७ टक्के असं ठरलं. यातलं बहुतेक आम्ही निवड करत होतो तेव्हाच झालं. पाच-आठ वर्षांनंतरच्या नियमावर आजचा देश निवडणं म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ ओढणं, हे मला तेव्हा पटलं आणि तो रकाना आम्ही राखाडी करून टाकला.

तसाही तो प्रश्न नुसत्या वर्षांचा नव्हता. भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की इथला जातो. मग ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. जर्मनीनं २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, तरी आपल्या बाजूनं दार बंदच राहतं. सासऱ्यांशी बोलताना हे निघालं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "राहायला जा. कागद बदलायचा की नाही ते तिथे पाच वर्षं काढल्यावर ठरव. आत्ता त्याच्यावरून भांडू नका." आम्ही खरंच भांडत होतो. त्या दिवसापासून थांबलो.

आता अठरावा रकाना.

युरोपात काही व्यवसाय नियंत्रित आहेत: डॉक्टर, नर्स, शिक्षक, फार्मासिस्ट आणि माझ्यासारखे फिजिओथेरपिस्ट. प्रोग्रॅमरला आपला व्यवसाय करायला सरकारी मान्यता घ्यावी लागत नाही. कंपनीला तो हवा असला आणि व्हिसा मिळाला की पुरतं. मला मात्र प्रत्येक देशात तिथल्या यंत्रणेकडून मान्यता घेतल्याशिवाय रुग्णाला हात लावता येणार नव्हता, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणवूनही घेता येणार नव्हतं. म्हणजे नवऱ्याला 'युरोप' हा एक प्रदेश होता आणि मला सात वेगवेगळ्या परीक्षा. तसा त्यालाही तो एक प्रदेश नाहीच. राहण्याचा परवाना एका देशाचा असतो. तो देश शेंगेनमधला, म्हणजे सामाईक व्हिसाच्या गटातला, असला तर त्यावर गटातल्या बाकीच्या देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, काम करता येत नाही. 'युरोपात जातोय' असं सगळे म्हणतात, पण जायचं असतं एका देशात, एका राज्यात, एका पालिकेच्या हद्दीत.

स्वीडनची माहिती वाचली तेव्हा पोटात गोळा आला. भाषेची वरची पातळी, मग ज्ञानाची परीक्षा, मग देखरेखीखाली काम, मग परवाना. स्वीडन मला मनापासून आवडत होता. प्रत्येक मुलामागे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची पालकत्व रजा देणारा देश कोणाला आवडणार नाही? पण स्टॉकहोममध्ये भाड्याच्या घरासाठी वर्षानुवर्षांची रांग, डिसेंबरात दुपारी तीनच्या आत मावळणारा सूर्य आणि त्या अंधारात बिनकामाची बसलेली मी, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, की हे मला झेपणार नाही. डेन्मार्क आणि फिनलंडही तसेच गेले. ऑस्ट्रियात फिजिओथेरपी ही उपयोजित विद्यापीठाची पदवी आहे आणि बाहेरची पदवी तिच्या बरोबरीची ठरवून घ्यावी लागते. व्हिएन्नावर आमचा दोघांचा जीव होता. तेव्हा ३६५ युरोंत मिळणारा, वर्षभर शहरात कुठेही फिरवणारा पास आणि निम्म्या शहराला पालिकेची किंवा अनुदानित घरं, हे वाचून मी हरखले होते. पण तिथून नवऱ्याला मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. कधीकधी देश असाही गळतो.

राहिले तीन: नेदरलँड्स, आयर्लंड, जर्मनी.

कोणीही म्हणेल, आयर्लंड! मीही तेच म्हणत होते. इंग्रजी भाषा, फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांची नोंदणी करणारी कोरू ही एकच संस्था, आणि नवऱ्याला क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे टंचाईच्या कौशल्यांसाठीचा कामाचा परवाना, मिळालं तर मला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा. माझी एक वर्गमैत्रीण तिथे आहे. तिला मी तासभर फोन केला आणि सगळे प्रश्न विचारून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, मान्यता मिळेल तुला. तू मला हे सांग, मुलीला दुपारी कोण घेणार?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं समजावून सांगितलं. आयर्लंडमध्ये सरकारी बालवाडी योजना फुकट आहे, पण ती दिवसाला ३ तास, आठवड्याचे ५ दिवस, वर्षातले ३८ आठवडे. उरलेल्या तासांसाठी खासगी पाळणाघर. त्याला जागा मिळायला हवी आणि फी भरायला हवी. तिच्या स्वतःच्या पगारातला मोठा हिस्सा तिकडेच जात होता. घराचं तर तिनं सांगितलं ते ऐकून मी वहीत लिहायचीच थांबले. डब्लिनमध्ये एका घराला बघायला गेलेली माणसं जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत उभी होती आणि तिचा नंबर येईतो घर गेलं होतं. ती चार महिने तात्पुरत्या खोलीत राहिली होती.

त्या फोननंतर तक्त्याला एकोणिसावा रकाना लागला: लेकीच्या दिवसाचे तास. आणि लागलीच विसावा: माझ्या बिनपगारी काळाची किंमत. कारण हे उघड होतं, की देश कोणताही असो, मान्यता मिळेपर्यंत वर्षभर तरी माझी कमाई शून्य असणार. तेवढा काळ आम्ही तिघं एका पगारावर कसे जगणार, याचं उत्तर प्रत्येक देशात निराळं निघालं.

हा हिशेब मला इतका महत्त्वाचा वाटतो की जरा सविस्तर मांडते. नेदरलँड्समध्ये १८ वर्षांपुढच्या प्रत्येकाला स्वतःचा आरोग्य विमा घ्यावा लागतो, कमाई असो वा नसो. वर पहिले ३८५ युरो वर्षाला आपल्या खिशातून. मुलांचा विमा फुकट. जर्मनीच्या सार्वजनिक विमा योजनेत एकाच्या हप्त्यावर न कमावणारा जोडीदार आणि मुलं यांना वेगळा हप्ता न देता संरक्षण मिळतं, आणि मूळ हप्ता अर्धा मालक भरतो. करातही जर्मनीत नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून वाटण्याची पद्धत आहे, त्यामुळे एकच कमावता असेल तर कर बराच कमी बसतो. याच पद्धतीवर तिकडे टीकाही होते, की त्यामुळे बायका कामावर परत जात नाहीत, आणि ती टीका मला पटते. पण आमच्या त्या एका वर्षापुरता हा नियम आमच्या बाजूनं होता. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या परवान्यावर, आलेल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्यापासून कोणतंही काम करायची मोकळीक असते, हेही त्याच रकान्यात गेलं.

लेकीच्या तासांचं म्हणाल तर, जर्मनीत ऑगस्ट २०१३ पासून वय वर्षं एक पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला बालसंगोपन केंद्रात, म्हणजे किटात, जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क असला तरी मोठ्या शहरांत जागा सहज मिळत नाही, हेही लगेच कळलं. मग खोलात गेल्यावर दिसलं की देशाच्या पूर्व भागात चित्र वेगळं आहे. तिथे पूर्वी समाजवादी राजवट होती, बायका सर्रास पूर्णवेळ काम करत, आणि पूर्ण दिवसाच्या पाळणाघरांची सवय तेव्हापासून टिकून आहे. अशा रीतीनं लाइपझिग हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. तोवर आमच्या जर्मनीत फक्त म्युनिक, बर्लिन आणि फ्रँकफर्ट होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही १२ दिवसांसाठी जाऊन आलो. फेब्रुवारी मुद्दाम निवडला. उन्हाळ्यात प्रत्येक शहर गोड दिसतं. मुलीला आईकडे ठेवलं, शेंगेनचा साधा पर्यटन व्हिसा घेतला आणि दोनच ठिकाणी गेलो: उट्रेख्ट आणि लाइपझिग. प्रेक्षणीय स्थळं पाहायची नाहीत, असं ठरवलं होतं आणि बऱ्यापैकी पाळलं.

उट्रेख्टनं मला भुरळ घातली, हे कबूल करते. कालव्यांच्या काठाला पाण्याच्या पातळीवरचे जुने धक्के, सायकलवर पुढच्या पेटीत तीन-तीन मुलं बसवून निघालेल्या आया, आणि दुकानापासून बसपर्यंत कुठेही इंग्रजीत बोललं तरी सहज इंग्रजीत उत्तर. चौथ्या दिवशी मी एका क्लिनिकमध्ये गेले, माझी ओळख सांगितली आणि तिथल्या फिजिओथेरपिस्टशी बोलले. ती सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून आलेली. म्हणाली, "इथे सगळे तुझ्याशी इंग्रजी बोलतील. मला डच शिकायला त्यामुळेच चार वर्षं लागली." नोंदणीसाठी तर डच हवंच, बाहेरच्या पदवीधरांना भाषा आणि सामान्य कौशल्यांची चाचणी द्यावी लागते. संध्याकाळी खोलीवर परतताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. जिथे इंग्रजीवर निभावतं तिथे नवऱ्याचं आयुष्य सोपं होतं, आणि माझं लांबणीवर पडतं. रुग्णाशी मला त्याच्याच भाषेत बोलावं लागणार. दुखणं कोणी अनुवाद करून सांगत नाही.

हानोफरला गाडी बदलून लाइपझिगला पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि दुपारी चारलाच आकाश शाईसारखं झालं होतं. स्टेशन प्रचंड मोठं. बाहेर ट्रामच्या रुळांचं जाळं. तिकीट खिडकीवरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं किंवा बोलायचं नव्हतं, पण त्यांनी कागदावर ट्रामचा नंबर लिहून दिला. मला ते आवडलं. इथे शिकावंच लागणार, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

पुढचे दिवस आम्ही लोक जसे राहतात तसे राहायचा प्रयत्न केला. रविवारी सगळी दुकानं बंद, म्हणून शनिवारी सामान भरलं. सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी चारला एका किटासमोरच्या बाकावर बसून राहिलो. पावसातसुद्धा मुलं अंगणात होती, रबरी बूट आणि जलरोधक पायजमे घालून चिखलात. न्यायला येणाऱ्यांत निम्मे वडील होते. भाड्याची तीन घरं पाहिली. जाहिरातीत 'काल्ट' म्हणजे नुसतं भाडं आणि 'वार्म' म्हणजे त्यावर पाणी, हीटिंग, इमारतीचा खर्च धरून, हा फरक तिथे समजला. आमच्या तक्त्यात आम्ही अर्ध्या शहरांचं 'काल्ट' आणि अर्ध्यांचं 'वार्म' लिहून तुलना करत होतो! तो रकाना परत आल्यावर मुळापासून पुन्हा भरला.

आणि एका फिजिओथेरपी प्रॅक्सिसमध्ये, म्हणजे क्लिनिकमध्ये, फोन करून वेळ मागितली. मालकीणबाईंनी अर्धा तास दिला, तो त्या सहलीतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास. त्यांनी सांगितलं की जर्मनीत फिजिओथेरपी हे पारंपरिकपणे तीन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण आहे, पदवी नव्हे. रुग्ण डॉक्टरची चिठ्ठी, रेत्सेप्ट, घेऊन येतो. नेहमीच्या व्यायामोपचाराला १५ ते २५ मिनिटं मिळतात, तेवढ्यात नोंदसुद्धा करायची. मी आपल्याकडे एका रुग्णाला पाऊण तास देत आले होते. ऐकताना मन खट्टू झालं. पण त्या पुढे म्हणाल्या, माणसं मिळत नाहीत, चार खोल्यांपैकी एक खोली वर्षभर रिकामी आहे. त्यांनी ती खोली उघडून दाखवली. टेबल, भिंतीवर शिडीसारखे लाकडी दांडे, खिडकीतून दिसणारी ट्राम. "बी२ घेऊन या आणि मला पत्र लिहा," एवढं त्या म्हणाल्या. बी२ म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी, बी१ तिच्या खालची. परतीच्या विमानात नवऱ्यानं विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मला ती खोली हवीय."

खरं तर निवड तिथे झाली. पण एक काळजी होती आणि ती लपवून लिहिलं तर हे कथन अपुरं राहील. आम्ही गेलो त्याच्या काही आठवडे आधी जर्मनीभर अति-उजव्यांच्या विरोधात प्रचंड मोर्चे निघाले होते, लाइपझिगमध्येही. भिंतींवर त्याची पोस्टर्स अजून होती. लाइपझिग ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीत १ सप्टेंबर २०२४ ला निवडणूक झाली आणि स्थलांतरितांच्या विरोधात बोलणाऱ्या एएफडी पक्षाला ३०.६ टक्के मतं मिळाली, पहिल्या पक्षाला ३१.९. निकालाच्या रात्री आम्ही जागे होतो. नवऱ्याच्या हातात तेव्हा लाइपझिगच्या एका कंपनीची दुसरी फेरी होती. दर तिसरं मत असं पडणाऱ्या राज्यात सावळ्या मुलीला घेऊन जायचं का? शहराचा कौल राज्यापेक्षा बराच वेगळा होता, हे आकड्यांत दिसत होतं, पण मनाला आकडे पुरत नाहीत. मी तिथे राहणाऱ्या दोन भारतीय बायकांशी बोलले. एकीला ट्राममध्ये दोनदा वाईट अनुभव आला होता. दुसरीला सहा वर्षांत एकदाही नाही. दोघींनी एकच सांगितलं, की शेजारी चांगले आहेत आणि रात्री उशिरा गावाबाहेरच्या गाड्यांनी एकट्यानं जायचं टाळतो. आम्ही जायचं ठरवलं. ती काळजी सोबत घेऊनच ठरवलं. ती आजही पूर्ण गेलेली नाही.

ऑक्टोबरात ऑफर आली. ब्लू कार्डासाठी त्या वर्षी साधारण कामांना वर्षाला ४५,३०० युरो आणि आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांना ४१,०४१.८० युरो पगाराची अट होती, त्यात ती आरामात बसली. मी तोवर रोज पहाटे पाच ते सात जर्मन करत होते. नोव्हेंबरात बी१ झाले. सासूबाई सकाळी चहा ठेवता ठेवता माझ्याबरोबर नामांची लिंगं घोकायच्या. "अगं, मराठीत तरी कुठे नियम आहे? तो दगड, ती भिंत, ते दार. ज्याचं त्याचं पाठच करायचं," असं त्या म्हणाल्या, आणि मला तीन लिंगांची भीती वाटायची कमी झाली.

मार्च २०२५ मध्ये आलो. आल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. तात्पुरतं घर घेताना तो असं पत्र देणार का, हे आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं होतं म्हणून वाचलो. नोंदणीशिवाय बँक, करक्रमांक, किटा, काहीच हलत नाही.

किटाची जागा मे महिन्यात मिळाली. फी पालिकेनं ठरवलेली, दिवसाचे ९ तास. पण पहिले तीन आठवडे आईनं किंवा वडिलांनी सोबत बसायचं असतं, मूल रुळेपर्यंत. आधी एक तास, मग दोन, मग पाच मिनिटं बाहेर जाऊन परत यायचं. मी बसले. त्या छोट्या खुर्चीवर बसून चार वर्षांच्या मुलांचं जर्मन ऐकत होते: माझं आहे, दे, नको, लागलं, इथे दुखतंय. पुस्तकात जे शब्द कुठेतरी दहाव्या धड्यात होते ते इथे मिनिटाला चार वेळा कानांवर पडत होते. लेक सोळाव्या दिवशी मागे न बघता आत गेली.

माझा मान्यतेचा अर्ज एप्रिलमध्ये दिला होता. पदवी, इंटर्नशिप, आणि प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा संपूर्ण अभ्यासक्रम, सगळं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मनमध्ये. त्या तासांच्या कागदासाठी कॉलेजात निघण्याआधी मी सहा खेपा घातल्या होत्या. कोणी या वाटेनं जाणार असेल तर तो कागद देश ठरण्याच्याही आधी हातात घ्यावा. प्रत्येक देश तोच मागतो.

उत्तर ऑगस्टच्या शेवटी आलं. नऊ पानी. मज्जासंस्था, सांधे, हृदय-फुप्फुसं, सगळं बरोबरीचं धरलं होतं. तफावत तीन ठिकाणी: मसाज, पाण्यातले उपचार आणि हातानं करायचा लसिका-निचरा, म्हणजे सूज उतरवायचा हलका मसाज. पूर्तता दोन प्रकारे करता येते, परीक्षा देऊन किंवा देखरेखीखालचं प्रशिक्षण घेऊन. मी प्रशिक्षण निवडलं. पत्र वाचताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. नऊ वर्षांचं माझं काम कोणीतरी ओळ न् ओळ वाचून, तोलून लिहिलं होतं की हे इतकं आहे आणि एवढं कमी आहे.

बी२ झाल्यावर मी मालकीणबाईंना पत्र लिहिलं. त्यांना मी आठवत होते. खोली आता रिकामी नव्हती, तिथे कोणी दुसरी आली होती, पण तिच्या शेजारची मिळाली.

पहिल्या आठवड्यात, मालकीणबाई शेजारी उभ्या असताना, माझ्या टेबलावर एक ऐंशीच्या पुढच्या आजी आल्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मी पाय हळूच वाकवला आणि तयार करून ठेवलेल्या वाक्यात विचारलं, इथे दुखतंय का? आजी म्हणाल्या, "नू." मी तो 'नाही' समजले आणि आणखी थोडं वाकवायला गेले. मालकीणबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "सॅक्सनीत 'नू' म्हणजे 'हो'," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. मी पाय तिथेच थांबवला, तळहात गुडघ्याखाली घेतला आणि आजींना पुन्हा विचारलं, किती?